एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो का? आणि मग हे एचबीएसएजी काय आहे?

पत्र मोठं होतं, नावगाव काढून थोडक्यात देते. वय ३१. रक्तदान केलं, काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की येऊन भेटा. गेला तर रिपोर्ट हातात: एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह (म्हणजे निगेटिव्ह), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) नॉन-रिॲक्टिव्ह, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) नॉन-रिॲक्टिव्ह, आणि एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी व्हायरसची टेस्ट, रिॲक्टिव्ह. तो लिहितो, "ताई, आधी एचआयव्हीची लाइन बघितली आणि जीव भांड्यात पडला. मग खालची लाइन बघितली. रात्रभर नेटवर वाचलं, एका ठिकाणी लिहिलंय हा एड्सपेक्षा शंभरपट डेंजर, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय काही होत नाही. तीन वर्षांपूर्वी एका रात्री विदाउट कंडोम झालं होतं, नक्की तिथूनच आलंय. मित्र म्हणतो सगळे गुप्तरोग एकच, मेडिकलवाला पाच दिवसांचा कोर्स देतो, घेऊन टाक. गर्लफ्रेंडसोबत दीड वर्ष आहे, तिला काय सांगू? घरी तर बोलायची सोयच नाही, आई आधीच बीपीची पेशंट आणि बहिणीला सातवा महिना चालू आहे. प्लीज एवढंच सांगा, एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि बाकीचे गुप्तरोग यात सगळ्यात वाईट कुठला?"

मित्रा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी तुझ्या पत्रातलं सगळ्यात अर्जंट वाक्य कुठलं ते सांगते कारण तू ते सबब म्हणून लिहिलंयस आणि पुढे गेलायस. बहिणीचा सातवा महिना. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. का ते कळायला हा व्हायरस तुझ्याकडे कुठून आला असेल हे आधी बघावं लागेल.

तू धरून चाललायस की त्या एका रात्रीतूनच आला. येऊ शकतो, नाही म्हणत नाही, हिपॅटायटिस बी सेक्समधून पसरतो आणि चांगलाच पसरतो. पण निरोगी मोठ्या माणसाला लागण झाली तर १०० पैकी ९५ जणांचं शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला स्वतःच हाकलून देतं, काहींना कावीळ होऊन जाते आणि कितीतरी जणांना काही झालं होतं हे कळतही नाही. उलट जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागण झाली तर १०० पैकी ९० बाळांमध्ये तो कायमचा राहतो, कारण तेवढ्याशा बाळाची इम्युनिटी त्याला परका समजतच नाही. म्हणून तिशीतला धडधाकट माणूस रक्त द्यायला जातो, काही त्रास नाही, कावीळ झाल्याचं आठवत नाही आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघतो, तेव्हा आम्हा समुपदेशकांच्या डोक्यात पहिला विचार त्या रात्रीचा नाही येत, पहिला प्रश्न असतो आईची टेस्ट कधी झालीये का. म्हणजे तीन वर्षं तू ज्या गोष्टीचं पाप डोक्यावर घेऊन फिरतोयस ते कदाचित तुझं नाहीच. आणि आईचंही नाही हां, लगेच तिकडे ढकलू नकोस. या व्हायरसची लसच १९८१-८२ च्या सुमारास आली आणि सरसकट सगळ्या बाळांपर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षं गेली, तिच्या लहानपणी तिला कोण देणार होतं.

आता जोड लाव. आईकडून तुला आला असेल तर बहिणीलाही आलेला असू शकतो, आणि तिच्याकडून बाळाला. बाळाला वाचवायचा उपाय मात्र इतका साधा आहे की तो हुकला तर मला खरंच राग येईल. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीचं, इंजेक्शन. आईच्या रक्तात व्हायरस फार जास्त असेल तर साधारण २८व्या आठवड्यापासून तिला टेनोफोव्हिर या व्हायरस दाबणाऱ्या औषधाची गोळी सुरू करतात, म्हणजे हिशोब कर, ती वेळ आत्ताच आहे. अंगावर पाजायलाही अडचण नसते. शक्यता अशी आहे की गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांमध्ये एचआयव्ही आणि सिफिलिससोबत हीही टेस्ट झाली असेल आणि फाइलमध्ये कुठेतरी निगेटिव्ह म्हणून पडली असेल. तर आजच फोन कर आणि एवढंच म्हण, "रक्तदानात माझी हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलीये, हे घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, तुझ्या फाइलमध्ये एचबीएसएजी बघ आणि तुझ्या डॉक्टरांना सांग." त्या रात्रीचा उल्लेख करायची काहीही गरज नाही. आईचीही टेस्ट होऊ दे, बीपी असलं तरी रक्ताची नळी भरायला काही होत नाही.

हां, आता तुझा प्रश्न. सगळ्यात वाईट कुठला.

तुझ्यासारखे खूप जण येतात रिपोर्ट घ्यायला (मी टेस्टिंग सेंटरवर समुपदेशनाचं काम करते म्हणून रोज बघते), कागद हातात दिला की नजर थेट एचआयव्हीच्या ओळीवर, ती निगेटिव्ह दिसली की कागद घडी घालून खिशात, बाकीच्या ओळी मी वाचून दाखवायच्या आत माणूस दारापर्यंत. ही भीती ८०च्या दशकातली आहे, १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या केसेस नोंदवल्या गेल्या तेव्हा खरंच हातात काही नव्हतं. पण १९९६ पासून तीन औषधांची एकत्र ट्रीटमेंट आली आणि चित्रच पालटलं, आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी असते, वेळेत सुरू केली आणि रोज घेतली तर माणूस जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगतो, आणि रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडणार नाही इतका खाली जाऊन तसाच राहिला की सेक्समधून जोडीदाराला तो जातच नाही. कमी जातो असं नाही, जातच नाही. हे अजून कित्येक शिकलेल्या लोकांना माहीत नाहीये.

दुसऱ्या बाजूला हिपॅटायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये व्हायरल हिपॅटायटिसने जगात सुमारे १३ लाख माणसं गेली, त्यातली ११ लाखांच्या आसपास एकट्या बी मुळे, आणि त्याच वर्षी एचआयव्हीमुळे सुमारे ६ लाख ३० हजार. पण म्हणून लगेच "बी जास्त डेंजर" असं लिहून ठेवू नकोस. फरक व्हायरसच्या ताकदीत कमी आणि माहिती असण्यात जास्त आहे. एचआयव्ही असलेल्या दर १०० पैकी ८५ च्या वर लोकांना आपल्याला तो आहे हे माहीत असतं. हिपॅटायटिस बी २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना होता आणि त्यातल्या १०० पैकी फक्त १३ जणांना त्याचा पत्ता होता. बाकीच्यांना कळतं तेव्हा लिव्हर सुकलेलं असतं नाहीतर कॅन्सर झालेला असतो. तू त्या १३ मध्ये आलास, तेही वयाच्या ३१व्या वर्षी, फुकटात. रक्तदानाचा हा फायदा कुणी पोस्टरवर छापत नाही.

मग कुठला बरा होतो आणि कुठला नाही, आणि का. मला ही गोष्ट फार आवडते म्हणून जरा लांबण लावते. व्हायरस पेशीत शिरून स्वतःच्या झेरॉक्स काढत बसतो, प्रश्न एवढाच की मूळ प्रत तो कुठे ठेवतो. एचआयव्ही आपली मूळ प्रत सीडी४ पेशींच्या (इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी) डीएनएमध्येच शिवून टाकतो, औषधाने नव्या झेरॉक्स पूर्ण थांबतात पण काही पेशींमध्ये मूळ प्रत गपचूप पडून राहते, म्हणून गोळी आयुष्यभर. हिपॅटायटिस बी लिव्हरच्या पेशीच्या केंद्रात डीएनएचा एक छोटा गोल करून ठेवतो, तोही आजच्या औषधांनी सहसा निघत नाही, दाबून मात्र उत्तम ठेवता येतो. हिपॅटायटिस सी मात्र केंद्रात काही ठेवतच नाही, त्याचा सगळा कारभार आरएनएवर आणि बाहेरच्या बाहेर, त्यामुळे झेरॉक्स थांबवल्या की तो संपतो. म्हणून १९८९ मध्ये सापडलेला हा सी आज ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ पेक्षा जास्त जणांमध्ये पूर्ण बरा होतो. (यात एक गंमत, सी बरा झाला तरी त्याची अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते, बरा झालाय की नाही ते आरएनए टेस्टवरून, म्हणजे रक्तात खुद्द व्हायरस शोधणाऱ्या टेस्टवरून कळतं, यावरून लोकांची घराघरात भांडणं झालेली बघितलीयेत.)

म्हणजे नाव एकच हिपॅटायटिस, पण बी आणि सी नात्याने एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ए आणि ई तर दूषित पाण्याअन्नातून येतात, तब्येत आडवी करतात आणि बहुतेकदा निघून जातात. ए हा तोंडाचा आणि गुदद्वाराचा संबंध आला तर सेक्समधूनही लागतो, एवढं लक्षात ठेव. डी नावाचा एक आहे तो फक्त बी असलेल्यालाच होतो, तुझ्या डॉक्टरांना त्याबद्दल एकदा विचार.

मित्राच्या पाच दिवसांच्या कोर्सचं आता सांगते आणि जरा चिडून सांगते. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया हे बॅक्टेरिया आहेत, अँटिबायोटिकने बरे होतात, पण तिघांचं औषध वेगळं. सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन सात दिवस, आणि गनोरिया इतक्या औषधांना निर्ढावलाय की आता मुख्य भरवसा सेफट्रायॅक्झोनच्या इंजेक्शनवर, आणि तो निर्ढावला कशामुळे तर अशाच अंदाजपंचे अर्धवट कोर्समुळे. ट्रायकोमोनास हा परजीवी, त्याचं औषध आणखी वेगळं. हर्पीस आणि एचपीव्ही व्हायरस, त्यांना अँटिबायोटिक म्हणजे शून्य. तुझा हिपॅटायटिस बी पण व्हायरस, त्यामुळे तो कोर्स घेऊन तुझं पोट बिघडेल, बाकी काही नाही.

आणि "लक्षण नाही म्हणजे रोग नाही" हे तर डोक्यातून काढूनच टाक. सिफिलिसचं बघ. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी जिथून जंतू शिरला तिथे एक जखम होते, गोल, कडा टणक, तळ स्वच्छ, आणि अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही, गुदद्वारात किंवा योनीच्या आत असेल तर दिसतही नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते आणि माणूस म्हणतो गेलं बुवा. कुठे गेलं? रक्तात. मग काही आठवड्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर लालसर तांबूस डाग, तेही खाजत नाहीत, तेही जातात, आणि मग वर्षानुवर्षं शांतता, आणि नंतर एखाद्या दिवशी मेंदू, डोळे नाहीतर हृदय. एवढा लबाड रोग आणि वेळेत सापडला तर एका इंजेक्शनात खलास. क्लॅमिडिया तर बहुतेक बायकांमध्ये काहीच दाखवत नाही आणि आतल्या आत गर्भाशयाच्या नळ्या खराब करतो, मूल होत नाही म्हणून तपासायला जातात तेव्हा कळतं. तर यातला वाईट कुठला? जो तपासला नाही तो.

आणि हे रोग एकमेकांना वाट पण करून देतात. सिफिलिस किंवा हर्पीसची जखम असेल तर एचआयव्हीला आत शिरायला उघडं दार मिळतं. एचआयव्ही आणि बी दोन्ही असतील तर लिव्हर लवकर खराब होतं, पण टेनोफोव्हिर दोघांवरही चालतं. म्हणूनच बी चं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर एचआयव्ही परत बघतात, एचआयव्ही असताना नुसतं एकच औषध दिलं तर तो त्याला दाद देईनासा होतो. तुझी एचआयव्ही टेस्ट तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीपुरती तरी पक्की निगेटिव्ह धर, लॅबमधली हल्लीची टेस्ट लागण झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत बहुतेक सगळं पकडते. पण ब्लड बँक क्लॅमिडिया, गनोरिया, हर्पीस, एचपीव्ही यातलं काहीच बघत नाही, त्यांचं काम घेणाऱ्याचं रक्त सुरक्षित ठेवणं आहे, तुझी पूर्ण तपासणी नाही. लघवीच्या नमुन्यावर क्लॅमिडिया आणि गनोरियाची टेस्ट होते, ती दोघांनी करून टाका.

गर्लफ्रेंड. सांगायचं, या आठवड्यात सांगायचं आणि फोनवर नाही. दीड वर्षात तिला धोका होताच, पण लहानपणी लस झाली असेल तर बहुधा ती आधीपासूनच सुरक्षित आहे. तिच्या तीन टेस्ट: एचबीएसएजी (व्हायरस आत्ता आहे का), अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का). शेवटची १० च्या वर असेल आणि पहिल्या दोन निगेटिव्ह असतील तर लसीने तिचं काम केलंय, नीट झोपा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस घ्यायची, साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस, आणि ते पूर्ण होऊन अँटीबॉडी दिसेपर्यंत कंडोम. गेल्या दोन आठवड्यांत विदाउट कंडोम झालं असेल तर थांबूच नका, तिला उद्याच डॉक्टरकडे ने, लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. आणि ती पॉझिटिव्ह निघाली तर कुणी कुणाला दिला हे कोर्ट भरवू नका, ते रिपोर्टवरून कळत नाही.

इथे एक फरक बघण्यासारखा आहे. एचआयव्हीला लस नाही पण पेशंटने गोळी घेतली की जोडीदार वाचतो. बी ला उलटं, लस इतकी चांगली आहे की जोडीदाराने ती घेतली की विषयच मिटतो. सी ला लस नाही पण पेशंटच बरा होतो. आणि सिफिलिस, गनोरियाला दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायला लागतं, नाहीतर बरा झालेला परत दुसऱ्याकडून घेऊन येतो, कारण एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही.

आता तुझं. एकदा पॉझिटिव्ह आला यावरून नवा आहे की जुना हे ठरत नाही. लिव्हरच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिशियनकडे जा, ते आयजीएम अँटी-एचबीसी (लागण नवी आहे का), एचबीईएजी (व्हायरस जोरात वाढतोय का), एचबीव्ही डीएनए (रक्तात व्हायरस किती), एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का), सोनोग्राफी आणि बहुधा फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय) सांगतील, सहा महिन्यांनी एचबीएसएजी परत. सगळ्यांना लगेच औषध लागत नाही, खूप जण नुसते दर सहा महिन्यांनी तपासणीवर असतात. पण ती तपासणी म्हणजे तपासणी, "बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, कारण बी मध्ये लिव्हर सुकलेलं नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही, व्हायरस उसळून येतो आणि ते भारी पडतं. पुढे कधी स्टिरॉइड, केमो किंवा इम्युनिटी दाबणारं काही घ्यायची वेळ आली तर आधी सांग की मला बी आहे. दारू बंद. कमी नाही, बंद. लिव्हर डिटॉक्सच्या पावडरी पण बंद, त्यातल्या काही लिव्हरलाच बाधतात.

ताट-वाटी वेगळी करायची नाही, मिठी मारायची, बाळाला कडेवर घ्यायचं, सगळं चालतं. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश आणि नेलकटर, कारण हा व्हायरस वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी जिवंत राहतो, एचआयव्हीला ते जमत नाही. वापरलेली सुई चुकून टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता साधारण ३०० मध्ये १ असते आणि लस न घेतलेल्याला बी लागायची १०० मध्ये ६ पासून ३० पर्यंत. "शंभरपट डेंजर" तू वाचलंस ते बहुधा याच आकड्यावरून कुणीतरी ताणलेलं, ते पसरण्याबद्दल आहे, मरण्याबद्दल नाही. रक्तदान मात्र आता नाही.

ऑफिसात कुणाला सांगायची गरज नाही. बहीण, आई, गर्लफ्रेंड आणि डॉक्टर, बस. पहिला फोन बहिणीला. आणि रिपोर्ट आले की मला परत लिही, डीएनएचा आकडा आणि एसजीपीटी दोन्ही लिही, नुसतं "डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे" असं पाठवू नकोस.